सरकी लावायचा बगळा

माझा मित्र पुण्याची नोकरी सोडून परत आला, त्या उन्हाळ्यात मी जालन्यातल्या एका रोलिंग मिलच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. घर बदनापूरला. वडील तिथल्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. मी सकाळच्या गाडीनं जालन्याला यायचो, दिवसभर रोलर आणि गिअरांची चित्रं काढायचो आणि संध्याकाळी बोटांची शाई घासून परत निघायचो. मला कामाचा कंटाळा होता असं नाही. पण मी कागदावर काढलेली वस्तू पुढं कुणाच्या हाताला लागते, कुणाला बोचते, हे मला कधी कळत नव्हतं, आणि मी ते विचारतही नव्हतो.

मित्र जाफराबाद तालुक्यातल्या एका गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. डिप्लोमाला आम्ही हॉस्टेलात एका खोलीत होतो. पुढं तो वस्तूंची रचना शिकायला दुसऱ्या राज्यात गेला आणि तिथून पुण्याच्या एका कंपनीत लागला. तो थेट माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सोडली."

"काय सोडली?"

"नोकरी. मिक्सरच्या झाकणाला गोलाई देऊन देऊन माझंच डोकं गोल झालं. आता आपण इथं काहीतरी बनवू. तू आणि मी."

"काय बनवायचं?"

"ते मला ठाऊक न्हाई. लोकायला विचारू."

मला हसू आलं. आमच्याकडं स्टार्टअप हा शब्द तेव्हा कुणी ऐकलेला नव्हता. धंदा टाकला म्हणायचे, नाहीतर कारखाना काढला म्हणायचे; आणि धंदा टाकणाऱ्याला निदान आपण काय विकणार एवढं तरी माहीत असायचं. हा मात्र रिकाम्या हातानं आला होता आणि त्याचीच त्याला ऐट होती. तो म्हणाला, "आपण काय करतो, आधी वस्तू ठरवतो आणि मंग ती घेणारा माणूस शोधतो. उलटं करू. माणसाजवळ जाऊन बसायचं. तो काय बोलतो ते ऐकायचं, आणि न बोलता काय करतो ते बघायचं. तोवर पेन्सिल खिशात."

त्या वर्षी माझे रविवार त्याच्या गावी गेले. बदनापूरहून जालना, जालन्याहून एसटी, पुढं खच्चून भरलेली जीप. गावात पोचलो की आम्ही कुणाच्या तरी बांधावर बसायचो. मी मुकाट्यानं बसणारा माणूस नव्हे. हात शिवशिवायचे. एकदा मोटेच्या जुन्या चाकाचं चित्र काढायला लागलो तर त्यानं माझ्या हातातून कागद काढून घेतला. "ते चाक कुणाला नको हाये आता. तू माणसं बघ."

जे बघायचं ते शेवटी एका संध्याकाळी दिसलं. पेरणीचे दिवस होते. आम्ही वस्तीतून चाललो होतो आणि एका दारासमोर एक बाई पालथी पडलेली दिसली. तिच्या कमरेवर तिची चारेक वर्षांची मुलगी भिंतीला धरून पाय देत होती. पुढच्या दारातही तेच. त्यापुढच्या अंगणात दोन बाया शेजारी शेजारी पालथ्या, आणि एकच पोरगं या पाठीवरून त्या पाठीवर. कुणाला त्यात विशेष वाटत नव्हतं. चुलीवर भाकरी होत्या, कुणी कुणाशी बोलत होतं. मी हे लहानपणापासून पाहिलेलं होतं. बदनापूरच्या शेजारपाजारीही असंच चाले. पण मित्र जागच्या जागी थांबला आणि माझा दंड धरून म्हणाला, "हे बघ. हे."

कपाशी लावायची म्हणजे आमच्याकडं सरकी लावायची. रानात आडव्या-उभ्या रेघा मारून घ्यायच्या, आणि जिथं रेघ रेघेला मिळते तिथं बोटानं खळगा करून दोन बिया सोडायच्या, माती लोटायची, पुढं सरकायचं. संकरित बियाणं महाग, ते बैलांच्या पाभरीनं सरसकट पेरून चालत नाही. म्हणून बाया लागतात. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कमरेत वाकून. शेतकरी मागून ओरडतो, जल्दी करा, ओल चालली.

मित्राची थोरली बहीण या बायांची पुढारी होती. सगळं गाव तिला आक्का म्हणे, मीही म्हणू लागलो. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती मुलीला घेऊन माहेरी आली. घरची जमीन थोडी आणि तीही भावकीत वाटलेली, त्यामुळं ती दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायची. उद्या किती बाया लागणार हे शेतकरी तिला सांगत आणि ती टोळी जुळवून नेई. उंच, हाडापेरानं रुंद, बोलायला तिखट. भावानं शिकलेलं सोडून गावात यावं याचा तिला राग होता आणि तो ती लपवत नव्हती.

"कंबरेचं काय विचारता?" ती म्हणाली. "ती दुखतेच. हात हाये, पाय हाये, तशी कंबर दुखते."

"उभ्यानं लावता आली तर?" मित्रानं विचारलं.

ती भावाकडं वळली. "उभ्यानं? मंग तुझ्या तोंडात साखर."

मी मिलमधली नोकरी सोडली. बायकोनं एवढंच विचारलं, "घर माझ्या पगारावर किती दिवस चालवायचं ते सांगा, म्हणजे तशी तयारी करते." मी म्हणालो, दोन पेरण्या. तिनं पुढं काही विचारलं नाही. तिच्या न विचारण्याचा मला तेव्हा आधार वाटला.

जालन्यात एका बंद पडलेल्या तेलघाण्याच्या मागं पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं. एक वेल्डर ठेवला, मध्यम वयाचा, कमी बोलणारा. पहिलं यंत्र म्हणजे छातीइतक्या उंचीची एक पोकळ नळी, वर नरसाळं, खाली लोखंडी पत्र्याची दोन पाती चोचीसारखी मिटलेली. पायानं दाबलं की चोच मातीत जायची, मूठ ओढली की उघडायची आणि वरून टाकलेली बी आत पडायची. कागदावर ते इतकं सोपं दिसत होतं की मला वाटलं, आजवर कुणाला कसं सुचलं नाही.

रानात पाणी मारून ओल केली आणि आक्काच्या हातात यंत्र दिलं. चार-पाच वेळा चोच उघडली, नंतर मिटेना. आमची काळी माती ओली झाली की लोखंडाला अशी धरते की खरवडून निघत नाही. चोचीत मातीचा गोळा बसला. बी वरच अडकली. टोळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक म्हणाली, "आक्का, तुझा बगळा तोंड मिटंना!" तेव्हापासून ते यंत्र बगळा झालं. आम्ही कागदावर दुसरं नाव ठरवून ठेवलं होतं, ते कुणीच कधी उच्चारलं नाही.

त्यानंतरचं वर्ष मी आयुष्यात सगळ्यात जास्त जगलो. आज मागं वळून बघताना हेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं मुळापासून वाईटच होतं असं वाटेल. आम्ही चोचीला उतार दिला, पाती पातळ केली, आतून सायकलच्या ट्यूबचा रबर बसवून पाहिला. तो रबर दर वेळी झटका देऊन माती सोडायचा, पण उन्हानं फाटायचा. मग चामडं लावलं. ते भिजून फुगलं. शेवटी पात्यांच्या मध्ये एक खरवडणारी पट्टी बसवली, मूठ सोडली की आपोआप खाली येणारी. ती कल्पना वेल्डरची होती की माझी, यावर आम्ही दोघं नंतरही भांडलो. मित्र यंत्राकडं कमी आणि बायांकडं जास्त बघायचा. एखादी बाई यंत्र उचलताना श्वास रोखते, म्हणजे ते जड आहे. एखादी मूठ बदलते, म्हणजे मूठ जाड आहे. कुणाला फारसं काही सांगावं लागत नसे. वजन कमी करायला नळी बारीक केली, मुठीला बांबू लावला. उंच बाईला आणि ठेंगण्या बाईला एकच नळी चालेना, तेव्हा खालीवर सरकणारी मूठ केली.

पुढच्या पेरणीला आक्काच्या टोळीनं एक अख्खं रान बगळ्यांनी लावलं. त्या दिवशी मी बांधावर उभा होतो. कमरेला बियाण्याची पिशवी बांधून बाया ओळीनं उभ्या चालत होत्या आणि त्यांचे चेहरे दिसत होते. लावणीत बायांचे चेहरे दिसतात हे मी पहिल्यांदा बघत होतो. त्या एकमेकींशी बोलत होत्या, पुढं बघून. संध्याकाळी आम्ही वस्तीतून गेलो तेव्हा आक्का पालथी पडलेली नव्हती. ती दारात बसून मुलीची वेणी घालत होती. भावाला म्हणाली, "आज अंगात जीव हाये रे. काय करावं ते कळून न्हाई राह्यलं." मित्र वळून दुसरीकडं गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग आम्ही विकायला निघालो.

ते काम आम्हाला दोघांनाही येत नव्हतं. आठवडी बाजारात उभं राहून बगळा चालवून दाखवायचो. बाया थांबायच्या, हात लावून बघायच्या, मूठ ओढायच्या, एकमेकींना बोलवून दाखवायच्या. आणि निघून जायच्या. रान त्यांचं नव्हतं, बियाणं त्यांचं नव्हतं, अवजार घेण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. ज्यांचा होता ते दुरून बघायचे. एकानं सरळ विचारलं, "बायांची कंबर दुखते म्हणून मी खर्चा करू? त्यायला रोज देतो की बराबर."

मित्र त्याला समजावू लागला. बाई दुपारनंतर थकते, बी उथळ पडते, उगवण कमी होते, वगैरे. तो माणूस ऐकून घेत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. बघे पांगले, आणि आम्ही बगळे सायकलरिक्षात भरले.

असे किती बाजार केले ते सांगत नाही. शेडमध्ये तयार यंत्रं भिंतीला टेकून उभी होती. बायको शाळेतून आल्यावर शिकवण्या घेऊ लागली. मी घरी असलो तर त्या वेळात बाहेर जाऊन बसायचो.

तीर्थपुरीच्या बाजारात एक मोठा बागायतदार आला. पांढरे कपडे, बोलायला मऊ. त्यानं बगळा स्वतः हातात घेतला, थोडा चालून आला आणि विचारलं, "वाकायचं न्हाई, बसायचं न्हाई, म्हणजे बाई थांबायची न्हाई. बरोबर ना?"

"हो, थकतच न्हाई ती," मित्र आनंदानं म्हणाला.

"मग निम्म्या बायांत होईल की माझं." त्यानं तिथल्या तिथं काही यंत्रं घेतली.

परतीच्या वाटेवर आम्ही खुशीत होतो. पहिल्यांदाच कुणीतरी एकापेक्षा जास्त घेतली होती. तो काय म्हणाला ते मी ऐकलं होतं, मित्रानंही ऐकलं होतं. पण ते त्याच्या हिशेबाचं बोलणं वाटलं, आमच्या यंत्राबद्दलचं वाटलं नाही.

तीच गोष्ट जालन्यातल्या बियाणांच्या एका दुकानदाराच्या कानावर गेली. तो शेडवर आला, यंत्र बघितलं आणि म्हणाला, मी विकतो, तुम्ही फक्त बनवा. आम्हाला तेच हवं होतं. पेरणीच्या तोंडावर त्यानं दुकानाबाहेर कापडी फलक लावला. त्यावर बगळ्याचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'निम्म्या बायांत सरकीची लावणी'. मित्र तो फलक वाचत रस्त्यात उभा राहिला, मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. आत जाऊन तो दुकानदाराला म्हणाला, "हे बदला. हे यंत्र बायांसाठी हाये."

दुकानदाराला खरंच कळलं नाही. "बायांसाठीच लिवलंय की."

"बायांच्या कंबरंसाठी."

"अहो साहेब, कंबर विकत कोण घेतंय?" त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्यानं आमच्यासाठी चहा मागवला.

फलक राहिला. यंत्रं जाऊ लागली. शेडमध्ये आणखी माणसं ठेवावी लागली. माझ्या वडिलांनी शेजाऱ्यांना शेड दाखवायला आणलं. बायकोनं शिकवण्या बंद केल्या आणि एका रविवारी ती माझ्याबरोबर जालन्याला आली, लोखंडाच्या कचऱ्यात उभी राहून सगळं बघितलं आणि म्हणाली, "झालं म्हणायचं का आता?" मी म्हणालो, झालं.

त्या पेरणीत आम्ही मित्राच्या गावी उशिरा पोचलो, कारण मालाच्या धावपळीत सवड मिळाली नाही. दुपारची वेळ होती. रानारानांत बगळे चालत होते. रस्त्यावरून ते दिसत होते आणि मी जीपमधून बोट दाखवून मोजायला लागलो होतो. गावात शिरलो तर आक्का घरी बसलेली. पेरणीच्या दिवसांत, दुपारी, घरी.

"बरं न्हाई का आक्का?" मित्रानं विचारलं.

"बरं हाये. बिलकुल बरं हाये. कंबर तर अशी हलकी झालीय म्हणून सांगू, बसून बसून."

तो खाली बसला. "टोळी?"

"टोळी कशाची आता? पाटलांनी तिघीला बोलावलं. तरण्या, भराभर चालणाऱ्या. बाकीच्या मागच्या आठवड्यात पार दुसऱ्या गावापर्यंत जाऊन आल्या. तिथंबी बगळाच." मग ती माझ्याकडं वळली. "भाऊ, त्यात तुमचा काही दोष न्हाई. यंत्र चांगलं झालंय. मीच सांगितलं तुम्हाला मूठ कुठं पायजे ते."

मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

थोड्या वेळानं शेजारच्या बाया येऊन ओट्यावर टेकल्या. त्या भांडायला आल्या नव्हत्या. भांडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. एक वयस्कर बाई, जी चाचणीच्या वेळी सगळ्यात जास्त हसायची, ती मित्राला म्हणाली, "वाकून काम व्हतं तवा निदान काम व्हतं, बाबा. सरकी लावायच्या दिवसांवर आमचं पुढचं भागायचं. कंबर दुखायची, ती सकाळी उठलं की जरा कमी व्हायची. हे न्हाई कमी होत."

मित्रानं हार मानली नाही. तो शिकलेलाच होता तसा. वस्तू अडली की पुन्हा माणसाजवळ जाऊन बसायचं. तो आठवडाभर गावात राहिला, बायांशी बोलला आणि जालन्याला एक नवीन कल्पना घेऊन आला. यंत्रं बायांच्या मालकीची असावीत. टोळीनं रानाचं काम ठोक रकमेत घ्यावं, स्वतःची यंत्रं आणावीत आणि जल्दी संपवलं तर तो वेळ त्यांचा. "चूक यंत्रात न्हाई," तो म्हणाला. "यंत्र कुणाच्या हातात गेलं त्यात हाये. ते बदलू."

मला ती कल्पना आवडली. आजही आवडते. आम्ही आक्काच्या टोळीला शेडमधली यंत्रं तशीच दिली. आक्का शेतकऱ्यांकडं गेली. पण गावातल्या ज्यांच्याकडं मोठी रानं होती, त्यांनी बगळे आधीच घेतलेले होते. ते म्हणाले, आमचं यंत्र घरात पडलंय, तुझं कशाला? आणि ज्यांची रानं लहान होती, ते घरच्या माणसांवर लावणी करत. एका शेतकऱ्यानं तिला काम दिलं, ते तिच्या वडिलांची ओळख म्हणून. ते रान संपलं आणि पुढं काही नाही. टोळीला दिलेले बगळे आक्कानं गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवले.

पुढच्या उन्हाळ्यात दुकानदाराची मोठी मागणी आली, आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी. मित्रानं ती ऐकली आणि म्हणाला, "आता बनवायचं न्हाई."

शेडमध्ये आम्ही दोघं आणि वेल्डर होतो. वेल्डरनं काम थांबवलं, डोळ्यांवरची काच वर केली आणि भिंतीकडं जाऊन उभा राहिला.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे बंद."

"अरे, आपण बंद केलं तर दुसरा बनवील. एवढं सोपं यंत्र आहे, कुणीबी बनवील. आक्काला काम मिळणार आहे का त्यानं?"

"न्हाई मिळणार."

"मग?"

"मला जमत न्हाई रे. मी चोच बघितली की मला तिथं ती बसलेली दिसती. दुपारची."

मी खूप बोललो. घराचं बोललो, शेडमधल्या माणसांचं बोललो, माझ्या बायकोच्या शिकवण्यांचं बोललो. त्याला म्हणालो की तुझी बहीण आहे म्हणून तुला दिसतं, इतरांच्या बहिणी रोज कुठल्या ना कुठल्या यंत्रानं घरी बसतायत. तो सगळ्याला हो म्हणत राहिला. माझं एकही म्हणणं त्यानं खोडलं नाही. मी थकून बसलो तेव्हा तो म्हणाला, "तू चालव. मी निघतो. तुझं बराबरच हाये."

मी चालवलं. काही महिने. पण बगळा माझ्या एकट्यानं पुढं सरकला नाही. मला चित्र काढता येत होतं. बाईच्या श्वासावरून यंत्राचं वजन ओळखणं त्याला येत होतं. आणि मी म्हणालो होतो तेच झालं. दुसऱ्या एका वर्कशॉपनं आमचा बगळा जसाच्या तसा उचलला, पत्रा जाड आणि हलक्या प्रतीचा लावला, मूठ सरकण्याची सोय काढून टाकली आणि निम्म्या भावात बाजारात आणला. दुकानदारानं मला बोलावून ते दाखवलं, आणि मऊपणानं सांगितलं की गिऱ्हाईक हेच मागतंय. ते यंत्र जड होतं. बाईला ते उचलायला कमरेतून झोक द्यावा लागे. म्हणजे बाया कमी झाल्या त्या झाल्याच, आणि ज्या उरल्या त्यांची कंबर पुन्हा दुखू लागली. आमच्या कामातलं जे एक चांगलं होतं, तेवढंच नेमकं गळून गेलं.

शेड सोडलं. वेल्डरला औरंगाबादच्या बाजूला काम मिळालं असं ऐकलं. तो जाताना भेटून गेला नाही. मी पुन्हा मिलमध्ये लागलो, मी सोडलं होतं त्याच टेबलावर, माझ्यानंतर आलेल्या माणसाच्या हाताखाली. पुढं कॉम्प्युटर आले, टेबलंही काढली. मी ते शिकलो, पण मन लागलं नाही. बायकोनं मला कधी बोल लावला नाही. त्यानं आमच्या घरात एक शांतता आली, ती मुलं मोठी होऊन बाहेर पडली तरी गेली नाही.

मित्रानं पुढं काही बनवलं नाही. दोन हजारच्या पुढं कधीतरी मी मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला जाफराबादला गेलो, तेव्हा त्यानं तिथं खतं-बियाणांचं दुकान टाकलेलं होतं. तो जाड झाला होता. गिऱ्हाईक येत होतं, नाव सांगत होतं, तो मागं वळून डबा काढून देत होता. एक शेतकरी तण मारायचं औषध मागत होता. "फवारलं की झालं ना? खुरपायला बाया लागत न्हाईत ना?" त्यानं विचारलं. मित्र म्हणाला, "न्हाई लागत." आणि डबा कागदात गुंडाळला.

तो गेल्यावर मी मित्राकडं बघितलं. त्याला ते कळलं.

"आता मी कुणाजवळ बसत न्हाई," तो म्हणाला. "मागतील ते देतो. मी न्हाई दिलं तर समोरचा देईल. तूच म्हणलता ना."

मी तसं म्हणालो होतो खरा, पण ते त्यानं असं मनात धरून ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं. चहा आला, आम्ही प्यालो. लग्नाला येईन म्हणाला, आला नाही.

आक्का त्याच सुमारास मुलीसह जालन्याला आली होती. गावात पेरणीचं काम गेलं, मग खुरपणीचंही. ती एका बियाणांच्या गोदामात बी निवडायला जायची. लग्नाची पत्रिका तिलाही द्यायची म्हणून मी तिथं गेलो. लांब पत्र्याचं गोदाम, त्यात बाया रांगेनं जमिनीवर बसलेल्या, पुढ्यात सुपं, माना खाली. फुटकी, काळी, किडकी बी वेचून बाजूला टाकायची. आक्का शेवटच्या टोकाला होती. केस पांढरे झाले होते. तिनं मला ओळखलं, पण हात थांबवला नाही, कारण देखरेख करणारा माणूस फिरत होता.

मी तिच्याशेजारी उकिडवा बसलो. मुलीचं बरं आहे म्हणाली. माझ्या मुलीच्या सासरचं विचारलं. बोलता बोलता माझी नजर तिच्या मानेवर गेली. सूप इतकं खाली होतं की ती दिवसभर हनुवटी छातीला टेकवून बसत असणार. मी सुपाची उंची बघितली, तिच्या गुडघ्यांची बघितली, रांगेतल्या इतर बायांच्या माना बघितल्या, आणि माझा हात शर्टच्या खिशातल्या पेनकडं गेला. सुपाखाली वीतभर उंचीची उतरती फळी, बस. इतकं साधं.

"काय बघून राह्यले भाऊ?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, काही नाही. पत्रिका तिच्या पदरापाशी ठेवली आणि उठलो. दारापाशी येईपर्यंत देखरेखवाला तिच्या जवळ जाऊन काहीतरी बोलत होता आणि ती मान आणखी खाली घालून भराभर बी निवडत होती.